संवेग आणि टक्कर: सूत्राआधी बाण काढा

संवेगाचं गणित समोर आलं की लेकरं आधी सूत्र लिहितात, मग आकडे भरतात आणि विचार सगळ्यात शेवटी करतात. मी परभणीत नववी ते अकरावीच्या शिकवण्या घेतो. वह्या तपासताना माझी लाल खूण बहुतेक वेळा एकाच जागी पडते: वेगाची दिशा. गुणाकार सगळ्यांना येतो, बाण कुणी काढत नाही.

हा लेख त्या लेकरांसाठी आहे, आणि शाळा सोडून वीस वर्षं झाल्यावर आता घरी अभ्यास घ्यायला बसलेल्या आई-वडिलांसाठीही. साहित्य काय लागेल? वही, पेन्सिल, कॅरम बोर्ड, एक रबरी चेंडू आणि ओली काळी माती. शेवटची गोष्ट आपल्याकडं विकत घ्यावी लागत नाही.

पहिली पायरी: आकडा अंगवळणी पाडा

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. वस्तुमान किलोग्रॅममध्ये, वेग मीटर प्रति सेकंदात. वेग ताशी किलोमीटरमध्ये दिला असेल तर त्याला ३.६ नं भागा, हे विसरलात तर पुढचं सगळं वाया.

आता चार गोष्टी मोजून बघा. सायकल आणि पोरगं मिळून ६० किलो, वेग ५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे संवेग ३००. उसानं भरलेला ट्रॅक्टर आणि मागच्या दोन ट्रॉल्या मिळून २० टन धरू, वेग तोच. संवेग १,००,०००. म्हणूनच कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीपुढं सायकल घालणाऱ्याला म्हातारी माणसं शिव्या देतात.

तिसरी गोष्ट क्रिकेटचा चेंडू. १६० ग्रॅमचा, ताशी १४४ किलोमीटरनं आलेला, म्हणजे सेकंदाला ४० मीटर. संवेग ०.१६ × ४० = ६.४. चौथी गोष्ट, ६० किलोचा माणूस सेकंदाला एक मीटर अशा निवांत चालीनं दुकानात चाललाय. त्याचा संवेग ६०. वेगवान गोलंदाजाच्या चेंडूपेक्षा सुपारी आणायला निघालेल्या माणसाचा संवेग नऊपट जास्त! मग चेंडू लागल्यावर जीव का कळवळतो? त्याचं उत्तर तिसऱ्या पायरीत आणि थोडं पाचव्या पायरीत येईल.

दुसरी पायरी: बाण काढा

इथं जरा जास्त थांबू, कारण मार्क इथंच जातात.

अंगणात अर्धवट उघडं दार बघा. काळ्या मातीचा ओला गोळा करा, साधारण चेंडूच्या वजनाचा. एकदा तो गोळा दारावर फेका, एकदा तितक्याच जोरानं रबरी चेंडू. दार जास्त कशानं ढकललं जाईल? वर्गात विचारलं की निम्मी पोरं मातीचा गोळा म्हणतात, कारण त्याचा आवाज ‘थप्प’ असा दमदार येतो. करून बघितल्यावर मात्र चेंडूच जिंकतो. (हा प्रयोग सारवलेल्या भिंतीच्या शेजारी करू नका, आईचं म्हणणं तुम्हीच ऐकून घ्याल.)

आकडे घालू. दोन्हींचं वस्तुमान ०.१ किलो, वेग १०. दाराकडं जाणारी दिशा अधिक, दारापासून परत येणारी दिशा उणे. हे वहीत बाण काढून लिहायचं, मनात ठेवायचं नाही.

मातीचा गोळा: आधी संवेग +१, चिकटल्यावर ०. बदल १.

रबरी चेंडू: आधी +१. परत आला ८ च्या वेगानं, पण उलट दिशेनं, म्हणजे वेग −८ आणि संवेग −०.८. बदल म्हणजे १ वजा (−०.८), उत्तर १.८.

पोरं काय लिहितात? १ वजा ०.८ बरोबर ०.२. उत्तर सुबक दिसतं म्हणून शंकाही येत नाही. पण ०.२ म्हणजे दाराला मातीच्या गोळ्यापेक्षा पाचपट कमी धक्का बसला असा अर्थ होतो, आणि तुम्ही तर आत्ताच दार जास्त उघडलेलं बघितलं. चेंडूला आधी थांबवावं लागतं आणि वर परत पाठवावं लागतं, अशी ती दोन कामं आहेत.

ही चूक करणाऱ्यांनी फार वाईट वाटून घेऊ नये. फ्रान्सचा देकार्त हा केवढा मोठा गणिती. त्यानं १६४४ साली टकरींचे नियम छापले आणि त्यात ‘गतीचं प्रमाण’ मोजताना आकार धरला, चाल धरली, दिशा सोडून दिली. त्याचे बहुतेक नियम चुकले. पुढं १६६८ च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीनं हा प्रश्न मुद्दाम पुढं ठेवला, तेव्हा वॉलिस, रेन आणि हायगेन्स या तिघा शास्त्रज्ञांनी तो मार्गी लावला. त्यांच्या उत्तरांत बाण होता.

तिसरी पायरी: धक्का किती वेळ चालला?

मोंढ्यात सोयाबीनची आवक सुरू झाली की सकाळी जाऊन हमालांकडं बघा. ट्रकवरचा गडी ५० किलोचं पोतं खाली सोडतो आणि खालचा पाठीवर घेतो. पोतं टेकतं त्या क्षणी त्याचे गुडघे बघा. नवखा ताठ उभा राहतो. मुरलेला हमाल पोत्याबरोबर खाली जातो, गुडघ्यात वीतभर वाकतो आणि त्याच झोकात थप्पीकडं चालायला लागतो. त्याला हे कुणी सूत्रानं शिकवलेलं नसतं. मणक्यानं शिकवलेलं असतं.

नियम असा: बल गुणिले वेळ बरोबर संवेगातला बदल. पोतं २० सेंटिमीटरवरून सुटलं तर पाठीला टेकताना त्याचा वेग २ मीटर प्रति सेकंद असतो (गुरुत्व त्वरण १० धरून). संवेग ५० × २ = १००. हा १०० शून्यावर आणायचाच आहे, त्यात सूट नाही. किती वेळात आणायचा, एवढंच हमालाच्या हातात असतं.

ताठ उभा राहिला, ०.०५ सेकंदात थांबवलं: १०० ÷ ०.०५ = २००० न्यूटन. गुडघे वाकवून ०.२५ सेकंद घेतले: ४०० न्यूटन. शिवाय पोत्याचं स्वतःचं वजन ५०० न्यूटन दोन्हीकडं आहेच. ते मिळवायला बरीच पोरं विसरतात. म्हणजे नवख्याच्या पाठीवर क्षणभर २५०० न्यूटन येतात, जणू अडीच क्विंटल ठेवले, आणि मुरलेल्याच्या पाठीवर ९००.

क्रिकेटचा चेंडू लागतो तोही याच कारणानं. संवेग ६.४ च असतो, पण हाडावर तो सेकंदाच्या हजाराव्या भागांत संपतो. झेल घेताना हात मागं नेणं, हेल्मेटमधला फोम, गाडीतली एअरबॅग, विहिरीत पोहरा सोडताना दोराला दिलेली ढील, सगळ्यांचा धंदा एकच: वेळ वाढवणं.

चौथी पायरी: कुंडाळं आखा

आता मुख्य नियम. पाठ्यपुस्तकात त्याला ‘संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत’ असं भारदस्त नाव आहे. अर्थ साधा आहे. दोन वस्तू एकमेकांना धडकतात तेव्हा पहिली दुसरीवर जेवढं बल लावते तेवढंच दुसरी पहिलीवर उलट लावते, आणि दोघी एकमेकींना भिडलेल्या असतात तो वेळही एकच. बल सारखं, वेळ सारखा, मग बदलही सारखाच. एकीनं जेवढा संवेग गमावला तेवढा दुसरीनं कमावला. घरातल्या घरात पैसे फिरले, एकूण तेवढेच.

पण ‘घर’ कुठवर, हे आधी ठरवावं लागतं. म्हणून आकृतीत पेन्सिलनं कुंडाळं आखा आणि आत कोण ते लिहा. कुंडाळ्याबाहेरून कुणी ढकलत, ओढत किंवा घासत असेल तर हिशेब जुळणार नाही. जमिनीचं घर्षण बाहेरचं आहे, मग खऱ्या टकरींत नियम कसा चालतो? टक्कर इतक्या थोड्या वेळात उरकते की तेवढ्यात घर्षणाला फारसं काही करता येत नाही. म्हणून वेग घ्यायचे ते टकरीच्या अगदी आधीचे आणि अगदी नंतरचे. दहा सेकंदांनंतरचा वेग घेतलात तर चूक नियमाची नाही, तुमची.

हे मला गंगाखेडच्या घाटावर कळलं. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. शाळेत असताना होडीतून मी थेट पायरीवर उडी मारली. पायरी दोन हातांवर होती, जमिनीवरून तेवढी उडी मी झोपेतही मारली असती. पण मी पुढं गेलो, होडी मागं गेली आणि माझी नडगी पायरीच्या कडेवर बसली. खूण अजून आहे.

हिशेब करू. मी ५० किलो, होडी १०० किलो, दोन्ही आधी स्थिर, म्हणजे एकूण संवेग शून्य. उडीनंतरही बेरीज शून्यच हवी. मी २ मीटर प्रति सेकंदानं पुढं गेलो, संवेग +१००. मग होडीचा −१००, म्हणजे ती सेकंदाला १ मीटर मागं. माझ्या पायांनी आम्हा दोघांना ३ च्या वेगानं वेगळं केलं, त्यातला १ होडीनं खाल्ला. जमिनीवरून उडी मारतो तेव्हा मागं सरकायचं काम पृथ्वी करते आणि ती एवढी जड आहे की तिचा वाटा शून्यच धरायचा.

पाचवी पायरी: चिकटणाऱ्या टकरी

पूर्णा जंक्शनवर शंटिंग चाललेलं ज्यांनी रात्री ऐकलंय त्यांना तो आवाज सांगायला नको. एक वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, हळूच सरकत येते, उभ्या वाघिणीला भिडते, खण्ण, आणि दोन्ही जोडून पुढं सरकायला लागतात. टकरीनंतर दोघांचा वेग एकच, म्हणून हा सगळ्यात सोपा प्रकार. पुस्तकात याला पूर्ण अस्थितिस्थापक टक्कर म्हणतात.

भरलेली वाघीण ८० टन, रिकामी २० टन धरू. दोन प्रसंग घ्या.

भरलेली १ मीटर प्रति सेकंदानं आली, रिकामी उभी होती. आधीचा संवेग ८०,०००, नंतर १०० टनांत तोच, म्हणून वेग ०.८.

उलटं करा. रिकामी १ च्या वेगानं आली, भरलेली उभी होती. संवेग २०,०००, म्हणून वेग ०.२.

इथवर सगळ्यांना येतं. आता गतिज ऊर्जा काढा: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. पहिल्या प्रसंगात आधी ४०,००० जूल, नंतर ३२,०००. दुसऱ्यात आधी १०,०००, नंतर फक्त २,०००. संवेग जुळला, ऊर्जा मात्र कमी झाली. गेली कुठं? खण्ण आवाजात, कपलिंगच्या स्प्रिंगा-रबर दाबण्यात, लोखंड किंचित तापण्यात.

आता दोन्ही प्रसंगांतली तूट शेजारी शेजारी लिहा. ८,००० आणि ८,०००. वर्गात फळ्यावर हे निघालं की मी खडू खाली ठेवतो आणि पोरांना बघू देतो. कोण आलं आणि कोण उभं होतं यानं तूट बदलत नाही. ती ठरते दोन्ही वस्तुमानांवर आणि एकमेकांकडं येण्याच्या वेगावर. दोन्हीकडं हा वेग १ च होता. शेजारच्या रुळावरून जाणाऱ्या गाडीतल्या प्रवाशाला वाघिणींचे वेग वेगळे दिसतील, तरी वाकलेलं लोखंड त्यालाही तेवढंच वाकलेलं दिसणार.

संवेगात वेग एकदाच येतो, ऊर्जेत त्याचा वर्ग. म्हणून १४४ च्या चेंडूचा संवेग किरकोळ, पण ऊर्जा अर्धा × ०.१६ × १६०० = १२८ जूल, आणि सुपारी आणायला निघालेल्या माणसाची ३०.

सहावी पायरी: उसळणाऱ्या टकरी, म्हणजे कॅरम

स्पर्धेच्या कॅरममध्ये स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा असतो आणि सोंगटी ५ ते ५.५ ग्रॅमची. तीनास एक हे प्रमाण हिशेबाला फार सोयीचं. बोर्डावर पावडर टाका, सोंगटी मध्ये ठेवा आणि स्ट्रायकर बरोबर समोरून मारा, अगदी सरळ रेषेत.

उसळणाऱ्या टकरीत नंतरचे वेग दोन आणि तेही वेगवेगळे, म्हणून एका समीकरणावर भागत नाही. दुसरं असं: टक्कर पूर्ण स्थितिस्थापक असेल, म्हणजे गतिज ऊर्जा जराही वाया जात नसेल, तर दोन वस्तू ज्या वेगानं एकमेकींच्या जवळ आल्या त्याच वेगानं दूर जातात. हे वाक्य पाठ करा. ऊर्जेचं वर्गांचं समीकरण सोडवत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

स्ट्रायकरचा वेग १ धरा. नंतर स्ट्रायकर अर्ध्या वेगानं पुढं जात राहतो आणि सोंगटी दीडपट वेगानं सुटते. ताळा बघा: १५ × ०.५ = ७.५, ५ × १.५ = ७.५, बेरीज १५. दूर जाण्याचा वेग १.५ − ०.५ = १. जमलं. सोंगटी स्ट्रायकरच्या तिप्पट वेगानं पळायला हवी.

पळते का? मोबाईल उंच धरा, स्लो मोशन लावा, शेजारी फूटपट्टी ठेवा. टक्कर झाल्यावर लगेचच्या काही फ्रेममध्ये दोघांनी किती सेंटिमीटर कापले ते मोजा. आमच्या बोर्डावर प्रमाण तीनपट न येता अडीचपटीच्या आसपास आलं. पोरं म्हणाली, सर, प्रयोग चुकला. चुकला नाही. ‘टक’ असा आवाज आला ना, तो काही फुकट येत नाही. अडीचपटीवरून उलटा हिशेब केला तर दूर जाण्याचा वेग जवळ येण्याच्या वेगाच्या साधारण ०.८ निघतो. मातीच्या गोळ्यासाठी हा आकडा शून्य, आदर्श टकरीसाठी १, बाकी जग मध्ये कुठंतरी.

न्यूटननं हेच लंबक टांगून मोजलं होतं आणि १६८७ च्या त्याच्या ग्रंथात आकडे दिले: घट्ट दाबलेल्या लोकरीच्या गोळ्यांसाठी ९ मागे ५, काचेसाठी १६ मागे १५. तुम्हाला लंबकही नको. चेंडू १ मीटरवरून फरशीवर सोडा आणि उसळीची उंची मीटरमध्ये मोजा. तिचं वर्गमूळ म्हणजे हा आकडा. ६४ सेंटिमीटर उसळला तर ०.८. नंतर तोच चेंडू शेणानं सारवलेल्या अंगणात सोडून बघा.

सोंगटीनं सोंगटीला समोरून मारलं तर मारणारी जवळजवळ जागेवर थांबते आणि दुसरी तिचा वेग घेऊन जाते, कारण वजनं सारखी. तिरकस मारलं तर दोघी एकमेकींशी जवळपास काटकोन करून फुटतात. स्ट्रायकरचं तसं नाही. तो सोंगटीच्या तिप्पट जड असल्यानं स्थिर सोंगटीला कसाही लागला तरी त्याची वाट साधारण २० अंशांपेक्षा जास्त वळत नाही. ‘स्ट्रायकर सोंगटीला लागून मागं फिरला’ असं कुणी सांगितलं तर तो मध्ये कडेला लागलेला असतो किंवा सांगणारा थापा मारतोय.

तिरकस टकरींचं गणित आलं तर घाबरू नका. दोन वह्या करा, एक पूर्व-पश्चिमेची, एक उत्तर-दक्षिणेची. दोन्हींत बेरीज वेगवेगळी जुळली पाहिजे. यापलीकडं त्यात काही नाही.

सातवी पायरी: बोर्ड मोठा करा

२६ सप्टेंबर २०२२ ला ‘नासा’नं डार्ट नावाचं सुमारे ५७० किलोचं यान सेकंदाला ६.१ किलोमीटर वेगानं डायमॉर्फस या साधारण १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आपटलं. तो आपल्या मोठ्या जोडीदाराभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरायचा, आपटल्यावर ११ तास २३ मिनिटांत फिरू लागला. ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी म्हणायची असं आधी ठरलं होतं. एवढा जास्त फरक का पडला? यान रुतलं तेव्हा लघुग्रहावरचा दगड-धोंडा उलट दिशेनं अवकाशात उडाला. दुसऱ्या पायरीतलं दार आठवा: मागं काही फेकलं गेलं की पुढचा धक्का वाढतो.

आणि आपल्या शेजारचं उदाहरण. जालना जिल्ह्यातल्या मंठ्याहून पुढं गेलं की बुलढाण्याच्या हद्दीत लोणार लागतं. बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. उल्केनं पृथ्वीला किती ढकललं असेल? समजा ती १० लाख टनांची होती आणि वेग सेकंदाला २० किलोमीटर. हे आकडे फक्त गणितापुरते मी धरलेत. पृथ्वीचं वस्तुमान ६ वर २४ शून्यं इतके किलोग्रॅम. टक्कर चिकटणारी, म्हणजे पूर्णेच्या वाघिणींचंच गणित. भागाकार केला की पृथ्वीच्या वेगातला बदल असा येतो की त्यानं ती वर्षभरात मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी सरकेल.

ऊर्जा मात्र २ वर १७ शून्यं इतके जूल. त्यातली जवळजवळ सगळी त्याच जागी खर्च झाली. खडक फुटला, उडाला, वितळला. वितळून झालेली काच तिथल्या खडकांत सापडली आहे.

बघायला जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि पाणी सोबत ठेवा. काठावरून तळ्यापर्यंत सव्वाशे-दीडशे मीटर उतार आहे. परत चढताना संवेग काही कामाचा नाही, ६० किलोच्या माणसाला ८० हजार जुलांच्या आसपास स्थितिज ऊर्जा स्वतःच्या पायांनी कमवावी लागते.